सोलापूर, चार दिवस आणि तीन बाटल्या पाणी

गुरुवार

भिगवण गेलं की इंद्रायणीच्या खिडकीतून उजनीचं पाणी दिसायला लागतं. ते मागं पडलं की मग काळं रान. जेऊर, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ. जानेवारीचा तिसरा आठवडा होता आणि ज्वारी हुरड्यात आली होती. लहानपणी याच गाडीमार्गावरून जाताना आजोबा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायचे, "ही मालदांडी." मला सगळी ताटं सारखीच दिसायची. आजही फारसा फरक कळत नाही, पण त्या नावामागं काय आहे ते बघायचं या वेळी ठरवून निघाले होते.

मी पुण्यात एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. प्रादेशिक विकास शिकवताना संशोधन करणारी विद्यापीठं आणि त्यांच्या भोवतालची अर्थव्यवस्था हा विषय येतो. तिथं दरवर्षी मी तेच सांगत आले. १९५१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं आपल्या मोकळ्या जमिनीवर उद्योगांना जागा द्यायला सुरुवात केली, कारखाने आले, विद्यार्थी तिथंच नोकरीला लागले, आणि पुढं त्या भागाला सिलिकॉन व्हॅली म्हणू लागले. मुलं लिहून घेतात. गेल्या वर्षी बार्शीच्या एका मुलानं विचारलं, "आणि आपल्याकडं, मॅडम?" मी जे उत्तर दिलं त्यानं माझंच समाधान झालं नाही. म्हणून रजा टाकली आणि सोलापूरचं विद्यापीठ बघायला माहेरी निघाले.

स्टेशनवर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जाऊलालाव ताई?" ते 'जाऊलालाव' कानावर पडलं आणि सोलापूर आल्याची खात्री पटली.

अक्काचं घर अशोक चौकाकडं, पूर्व भागात. संध्याकाळी दाजी मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्यात घेऊन गेले. आठ माग, टॉवेलचे. शेडमध्ये शिरलं की बोलणं बंद होतं, सगळं हातवाऱ्यांवर. त्यांचा तेलुगू जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तीस वर्षं त्यांच्याकडं आहे. मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला भाग सैल झालाय ते तो सांगतो. दाजींचे थोरले भाऊ शेजारच्या शेडमध्ये सूत रंगवतात. तिथं एका कोपऱ्यात मरून रंगाच्या टॉवेलांचे गठ्ठे पडले होते. परत आलेला माल. पहिल्याच धुण्यात रंग सुटला, असं व्यापाऱ्यानं कळवलं होतं.

"रंग तोच, दुकान तेच, कारागीर तोच," दाजी म्हणाले. "मागच्या वर्षी हाच माल नीट गेला होता. आता सांगा, तुम्ही विद्यापीठ बघायला आलाय ना, त्या विद्यापीठाचा माझ्या टॉवेलला काय उपयोग?"

त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर तो मरून गठ्ठा डोळ्यांसमोर राहिला.

परतताना आम्ही जुन्या मिलच्या बाजूनं आलो. १८७७ साली इथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. पुढं इतर गिरण्या आल्या, लक्ष्मी-विष्णू आली, आणि नंतर त्या एकेक करून बंद पडल्या. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. ते सांगायचे, रंगखात्यात एक मास्तर असायचा आणि त्याच्या टेबलावर काचेच्या नळ्या असायच्या. गिरणीला असा माणूस पदरी ठेवणं परवडत होतं. आठ मागांच्या मालकाला ते परवडत नाही. गिरण्या बंद झाल्यावर कामगारांच्या नोकऱ्या गेल्या हे सगळ्यांनी लिहिलं. त्या टेबलावरच्या नळ्या गेल्या, त्याबद्दल मात्र मी कुठं वाचलेलं नाही.

शुक्रवार

भाची एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भू-माहितीशास्त्राला. सकाळी तिच्याबरोबरच पुणे रस्त्याला केगावला, सोलापूर विद्यापीठात गेले.

हे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि इथं त्यांचं पदव्युत्तर केंद्र होतं. २०१९ पासून नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांच्या पदरात दोन-तीन जिल्हे असतात, याच्या वाट्याला एकटा सोलापूर जिल्हा. पूर्वी मला हे लहानपणाचं लक्षण वाटायचं. शुक्रवारच्या दिवसात माझं मत बदललं.

भाचीच्या वर्गात मी सहज विचारलं, कोण कुठलं? करमाळा, अक्कलकोट, सांगोला, माढा, दक्षिण सोलापूरमधली दोन खेडी. मुली निम्म्याहून जास्त. अक्कलकोटकडच्या एका मुलीनं सांगितलं, तिच्या मोठ्या बहिणीला बीएस्सीला चांगले गुण होते, पण पुढं शिकायचं तर कोल्हापूर किंवा पुणे, आणि तेवढ्या लांब पाठवायला घरचे तयार नव्हते. हिच्या वेळी केगाव होतं. कोल्हापूर इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. आम्ही शिकत होतो तेव्हा त्या अंतरामुळं किती मुलींचं शिक्षण पदवीला थांबलं ते मी माझ्याच वर्गात मोजू शकते. आम्ही अकरा जणी होतो. पुढं शिकलो त्या तिघी.

दुपारच्या जेवणाला आम्ही रस्त्याकडेच्या एका मेसमध्ये बसलो. मेस चालवणाऱ्या मावशींचे यजमान पूर्वी यंत्रमागावर होते. चाळीस डबे रोज जातात, परीक्षेच्या दिवसांत जास्त. खोल्यांची भाडी, झेरॉक्स, रिक्षा, चहा, सगळं विद्यापीठाभोवती वाढलेलं. अर्थशास्त्रात हा परिणाम मोजायची पद्धत आहे आणि विद्यापीठांचे अहवाल तो आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. मला त्याचं फार कौतुक नाही. मोठं सरकारी कार्यालय किंवा लष्कराची छावणी आली तरी मेस चालतात. विद्यापीठानं द्यायचं ते याहून वेगळं असतं.

ते काय, याचा अंदाज मला भाचीच्या संगणकासमोर आला. ती आणि तिच्याबरोबरचे तिघं गावोगावच्या विहिरी आणि बोअरचं पाणी गोळा करतात, तपासून घेतात आणि नकाशावर मांडतात. आपल्या पायाखाली बसाल्ट, काळा पत्थर. त्यात पाणी साठतं ते फटींत आणि वरच्या मुरमाड थरात, म्हणून साठा थोडा आणि एका गावात दहा पावलांवर दोन वेगळ्या चवी. दगडातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे, घरी आपण जड पाणी म्हणतो, साबणाला फेस येत नाही ते. पडद्यावर पिवळे, केशरी, लाल ठिपके होते. लाल म्हणजे फार जड.

"उन्हाळ्यात बोअर खाली जातं तसं काही ठिकाणी पाणी आणखी जड होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, "एमआयडीसीतलं पाणी तपासलंय का?"

"नाही मावशी, आमचा विषय शेतीचा आहे." मग ती थांबली. "दाजीकाकांच्या टॉवेलचं म्हणतेस?"

आम्ही तिच्या रसायनशास्त्रातल्या मैत्रिणीला गाठलं. तिनं दोन मिनिटांत समजावलं. सुती धाग्यावरचे बरेचसे रंग धाग्याशी रासायनिक बंध करून बसतात. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर रंगाचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि सोड्याबरोबर पांढरा साका धरतो. मग रंग आत न बसता धाग्यावर नुसता बसून राहतो आणि पहिल्या धुण्यात निघून येतो. हे एकमेव कारण असेलच असं नाही, तापमान आणि मीठही बघावं लागतं, पण सुरुवात पाण्यापासून करावी. जडपणा मोजायची चाचणी पदवीच्या वर्गातली मुलंही करतात.

चाचणी पदवीच्या वर्गातली. दाजींचा कारखाना तिथून तासाभराच्या अंतरावर. मधे रस्ता आहे, बस आहे, आणि वीस वर्षांत कुणी एक बाटली घेऊन आलं नाही.

दुपारी जवळच्याच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात गेलो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं हे केंद्र २००५ साली सुरू झालं. डाळिंब सोलापूरकरांना नवं नाही. गणेश हा वाण गणेशखिंडीच्या बागेत निवडला गेला, पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठानं भगवा दिला आणि सांगोल्याच्या माळावर पैसा आला. त्यामागून तेल्या आला. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं. जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबाबरोबर आणि छाटणीच्या कात्रीबरोबर झाडावरून झाडावर जाणारा. बागाच्या बागा काढाव्या लागलेल्या मी सांगोल्यात पाहिल्या आहेत. केंद्राचं काम त्या रोगाभोवतीच जास्त फिरतं: निरोगी रोपं, कात्री निर्जंतुक करणं, बहार कधी धरायचा आणि झाडाला विश्रांती किती द्यायची. त्यांनी २०१७ मध्ये सोलापूर लाल नावाचा संकरित वाण दिला, त्याच्या दाण्यात लोह १०० ग्रॅमला ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम, भगव्यात असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट.

फाटकापाशी एक शेतकरी उभे होते. पायात चिखल वाळलेली चप्पल, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेली पानं आणि दोन फळं. पहाटे एसटीनं निघाले होते. "डॉक्टरला दाखवायला आणलंय," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात 'शास्त्रज्ञ' हा शब्द नव्हता. डॉक्टरच होता.

मला विस्कॉन्सिन आठवलं. १८६२ च्या कायद्यानं अमेरिकेत राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं काढली गेली. त्यांपैकी विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातला स्निग्धांश मोजायची सोपी चाचणी काढली. तोवर दूध वजनावर घेतलं जाई, पाणी घालणारा आणि न घालणारा यांना एकच भाव. चाचणी आली आणि फॅटवर पैसे मिळू लागले. आपल्या गावच्या डेअरीत आज फॅट लावतात, त्यामागची कल्पना हीच. बॅबकॉकनी पेटंट घेतलं नाही. त्या राज्याचा दूधधंदा उभा राहण्यात त्या नळीचा मोठा वाटा आहे. वर्गात मी स्टॅनफर्ड सांगत बसले, सांगायला हवं होतं ते हे. सोलापूरला शोभणारं उदाहरण पिशवीतल्या पानांचं आणि दुधाच्या नळीचं आहे.

शनिवार

पहाटे मंगळवेढ्याला निघालो. दाजींच्या मित्राची गाडी, मी, अक्का आणि भाची.

वाटेत भाचीला मी कोरडवाहू संशोधनाची गोष्ट सांगितली, कारण तिच्या विद्यापीठाच्या कितीतरी आधीची ती गोष्ट आहे आणि तिला ती कुणी सांगितली नव्हती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला होता. १९२९ मध्ये देशात कृषी संशोधन परिषद स्थापन झाली आणि १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचं पद्धतशीर संशोधन सुरू झालं. त्या योजनेत देशभरात पाच ठिकाणं होती: सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या रानात पावसाचा हिशेब मांडला. पडलं किती, मुरलं किती, वाहून गेलं किती आणि जाताना माती किती घेऊन गेलं. त्यातून जी पद्धत निघाली ती आज कुणाला नवी वाटणार नाही. समपातळीवर बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, बियाणं कमी, ओळींतलं अंतर जास्त, आणि कोळपण्या. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं आपली माणसं म्हणतात. जमिनीला भेगा पडल्या की ओल उडते, कोळप्यानं भेगा बुजतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. हे काम आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्रात चालतं, आणि रब्बी ज्वारीसाठी हैदराबादच्या भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेचं केंद्रही इथं आहे.

मालदांडीही त्याच काळातली. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करत करत ३५-१ हा वाण पक्का झाला. १९३० च्या दशकातला वाण, आणि आज नव्वद वर्षांनी रेल्वेच्या खिडकीतून दिसते ती बहुतांश तीच.

मंगळवेढ्याच्या त्या रानात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. काळी माती इतकी खोल की ओढ्याच्या कडेला पुरुषभर काप दिसतो. दामाजींचं हे गाव, दुष्काळात धान्याची कोठारं लोकांसाठी उघडणारे दामाजी. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेताचे मालक सत्तरीचे. मी विचारलं, नव्या जाती आल्या तरी मालदांडी का सोडत नाही?

ते कणीस हातात घेऊन म्हणाले, "बाई, दाणा मोत्यावाणी, भाकरी दुसऱ्या दिवशी बी मऊ. आन् कडबा. जनावर दुसरा कडबा हुंगून सोडतंय." मग जरा थांबून: "पन हलक्या रानात मी फुले अनुराधा लावतो. तिकडं मालदांडी खडखड्यानं पडती."

खडखड्या म्हणजे ताट खोडातून पोकळ होऊन पडण्याचा रोग. मला हे वाक्य फार मोलाचं वाटलं. राहुरीनं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण सुचवले आहेत, हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, फुले रेवती. हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. या माणसानं पुस्तिका वाचलेली नाही. ती शिफारस प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरून, शेजाऱ्याच्या बांधावरून, बाजारातल्या गप्पांतून त्याच्यापर्यंत आली आणि त्यानं स्वतःच्या अनुभवाशी ती ताडून घेतली. शास्त्रज्ञांचा शब्द आणि त्याचा शब्द यांत आता शिवण दिसत नाही. याला नव्वद वर्षं लागली. संशोधन संस्थेनं एका जागी तेवढा काळ टिकून राहायचं असतं, पगार होत राहावे लागतात, पावसाच्या नोंदवहीत एक दिवसही गाळून चालत नाही. अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा अशा नोंदवह्यांवर ती आधी चालते, याची मला खरोखर धास्ती वाटते.

मग आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून हातावर चोळून दिलेला गूळभेंडीचा हुरडा, शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ. या शेतकऱ्यांचा मुलगा आता जानेवारीत शहरातल्या लोकांना हुरड्याला बोलावतो. हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर असे वेगळे वाण आहेत, त्यांचं अर्धा एकर पुढल्या साली करून बघणार म्हणाला. बारावीनंतर तो पुण्याला कंपनीत गेला होता, तीन वर्षांनी परत आला. अक्कानं त्याला विचारलं, परत का आलास? "तिथं खोलीभाडं जाऊन जे राहायचं ते इथं हुरड्याच्या दोन महिन्यांत राहतं," तो म्हणाला.

परतताना गाडीत कुणी फार बोललं नाही. भाची मात्र मधेच म्हणाली, "मावशी, मागासाठी असं केंद्र १९३३ ला कुणी का नाही काढलं?"

त्या काळी गिरणीवाल्यांना वाटलं असेल, आमचं आम्ही बघू. आणि शेतकऱ्याला कुणीच नव्हतं म्हणून सरकारला यावं लागलं. माझा अंदाज एवढाच आहे. पण प्रश्न तिनं बरोबर ठिकाणी विचारला.

रविवार

सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. गड्ड्याची यात्रा सरत आली होती, होम मैदानावर पाळणे अजून फिरत होते. तळ्याच्या काठानं चालत परत आलो.

मग एमआयडीसी. रविवार असूनही दाजी, त्यांचे भाऊ आणि जॉबर तिघंही आले होते. भाचीनं तीन स्वच्छ बाटल्या आणल्या होत्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत रंगाईनंतरच्या शेवटच्या खळबळण्याच्या टाकीतलं. आधी त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, हवा राहू द्यायची नाही. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मगच भरायची, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी येतं. जॉबर तिच्या हाताकडं बघत उभा होता. तिसऱ्या बाटलीला तो म्हणाला, "द्या, मी भरतो," आणि अगदी तसंच केलं. दाजींनी मरून टॉवेलचा एक तुकडा कापून कागदात बांधून दिला. भावानं मिठाचं आणि सोड्याचं माप, पाणी किती तापवतो ते, वहीच्या पानावर लिहून दिलं. त्यांनी हे याआधी कधी लिहिलं नव्हतं, हाताच्या अंदाजानंच चालायचं. लिहिताना दोनदा खोडलं.

"सोमवारी देते मैत्रिणीकडं," भाची म्हणाली. "एकाच चाचणीवर ठरवायचं नाही, उन्हाळ्यात परत भरू."

दाजींनी मान हलवली. "आकडा आला की आधी मला फोन. मावशीला नंतर."

दुपारच्या इंद्रायणीला गर्दी होती. पाठीवर बॅगा घेतलेली पोरं-पोरी, सोमवारी पुण्यात हजर व्हायचं. कुर्डुवाडी गेली तेव्हा अक्काचा फोन आला. दाजींनी चौथी बाटली भरून घरी आणली होती. शेजारच्या कारखान्याच्या बोअरची. त्यांनीच मागून घेतली म्हणाले, त्यांचाही माल मागच्या महिन्यात परत आलाय.